अंगारकीची मॅच

आमच्या घरात टीव्ही आला तो आईसाठी. गावाला वाटलं, तुरीचे पैसे हातात आले म्हणून बाबांना मिरवायची हौस सुटली. पण मिरवण्याचा आणि आमच्या बाबांचा कधी संबंध आला नाही. आईनं घराबाहेर पडणं सोडलं होतं आणि दिवसभर चार भिंतींकडे बघत बसणाऱ्या बाईचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. समजूत घालणं त्यांना जमायचं नाही. एक दिवस ते वाशीमला गेले आणि रंगीत टीव्ही घेऊन आले. शिरपूरपर्यंत एसटीत मांडीवर, आणि तिथून गावापर्यंत ओळखीच्या एका बैलगाडीत, कडब्याच्या पेंढ्यांवर खोकं ठेवून आणि खोक्याला दोन्ही हातांनी धरून. आईनं विचारलं, "हे कायले?" बाबा म्हणाले, "पाह्यत जाय." मग ते अँटेना बांधायला छपराच्या टिनांवर चढले आणि वंदी, म्हणजे माझी मोठी बहीण वंदना, खालून ओरडत राहिली, "आलं! गेलं! आता निऱ्या मुंग्या हायेत बाबा!" त्या दिवशी आई हसली होती. ते हसू मला आठवतं, कारण त्यानंतर ते बराच काळ दिसलं नाही.

आईच्या अंगावर कोड उठलं होतं. घरात हा शब्द कुणी काढत नसे, 'डाग' म्हणायचे. आधी डाव्या हाताच्या बोटांवर आला, आम्हाला वाटलं चुन्याचा किंवा सोड्याचा असेल. मग मनगटावर पसरला, मग ओठांच्या कोपऱ्यात. वाशीमच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की हे लागत नाही, शिवल्यानं होत नाही, हातचं खाल्ल्यानं तर मुळीच नाही. बाबांनी ते गावात चार जणांना सांगून पाहिलं. लोकांनी मान डोलावली आणि आमच्याकडचा चहा सोडला. तोंडावर कुणी काही बोललं नाही, हे मी मुद्दाम सांगते. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, आई भांडणात कुणाला ऐकणारी नव्हती. पण आमच्याकडे आलेल्या प्रत्येक माणसाचा नेमका त्या दिवशी उपास असायचा. सोमवारी महादेवाचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. ज्याला वार सापडत नसे त्याला पित्त झालेलं असे. गावात इतकी भक्ती आणि इतकं पित्त मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आईचा स्वभाव आधी असा नव्हता. ती गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाची बाई तिकडून उत्तर द्यायची. हातपंपावर नंबरावरून भांडण लागलं की सोडवायला तिलाच बोलवायचे, आणि ती सोडवताना आणखी दोन भांडणं लावून यायची. लग्नाघरी पापड-कुरड्यांना, वड्या घालायला, तिच्याशिवाय पान हलत नव्हतं. डाग ओठांपर्यंत आले आणि त्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं एकही बोलावणं आलं नाही. शेजारच्या रेखाच्या घरी सगळ्या बाया जमल्या, बांगड्यांचे आणि हसण्याचे आवाज भिंतीवरून येत होते, आणि आई नवीन लुगडं नेसून ओसरीवर बसली होती. दिवेलागणीला तिनं लुगडं बदललं. देव्हाऱ्यातला दिवा लावला नाही. वंदीनं विचारलं तर म्हणाली, "मले कोनी बलावत नाही, त मी देवाले कायले बलावू?" तेव्हापासून आमच्या घरातले उपास संपले. एकादशी गेली, चतुर्थी गेली. भिंतीवरचं कालनिर्णय काढून तिनं त्याची पानं मसाल्याच्या डब्यांखाली फळीवर अंथरली. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ या अंथरलेल्या पानांनी केला.

त्यानंतर ती लांब बाह्यांची पोलकी शिवून घेऊ लागली, उन्हाळ्यातसुद्धा. कुणी फाटकात दिसलं की स्वयंपाकघरात जायची आणि पडद्याच्या फटीतून बघायची. बाबा तिला कधी वाईट शब्द बोलले नाहीत, पण पाहुणे यायचे असले की हळूच म्हणायचे, "तू आतच राह्य वं, उगा कायले." ते मायेनं म्हणायचे, तिला कुणाची नजर लागू नये म्हणून. आज मला त्या मायेचा राग येतो. तेव्हा येत नव्हता. तेव्हा मलाही तेच बरं वाटायचं.

आणि मग वंदीला बघायला केनवडचे लोक आले. मुलगा चांगला होता, शेती होती, मध्यस्थ नात्यातला. वंदीनं पोहे केले, आई पडद्यामागे. मुलाच्या आईनं वंदीला जवळ बसवलं आणि गोड आवाजात म्हणाली, "पाहू बरं बाई, बांगड्या कोन्त्या भरल्या?" आणि बांगड्या बघता बघता बाही कोपरापर्यंत वर सारली, एका हाताची, मग दुसऱ्या हाताची. हात उजेडाकडे धरून पाहिले. मग मान तिरकी करायला लावून कानामागे पाहिलं. बैलाचे दात बघतात तसं सगळं चाललं होतं आणि वंदी खाली बघून बसली होती. पोह्यांना कुणी हात लावला नाही. शनिवार होता ना. दोन दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला, मुलगी पसंत आहे, पण घरात 'ते' आहे. वंदीचं पुढे काय झालं ती वेगळी गोष्ट आहे आणि ती तिची तिनं सांगावी.

निरोप आला त्या दिवशी आई चुलीपाशी भाकरी थापत होती आणि बाबा पाटावर बसले होते. मी ओसरीत कंदिलाची काच पुसत होते. आईचा आवाज अगदी साधा होता, मीठ संपलं हे सांगताना असतो तसा. ती म्हणाली, "मी नसली त वंदीचं जमन." बाबा म्हणाले, "काहीबी नको बोलू," आणि ताटावरून उठून बाहेर गेले. भाकरी थापण्याचा आवाज काही थांबला नाही. माझ्या हातातली काच मात्र मी तशीच धरून राहिले. आमच्या भागात 'मी नसली' म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या वावरात पायऱ्यांची विहीर होती आणि तिला बारा महिने पाणी असे.

त्या दिवसापासून मी घाबरून गेले. मी दहावीत होते. शिरपूरच्या शाळेत बाकावर बसलेली असायचे आणि डोक्यात एकच, आई घरी काय करत असेल. परतीची एसटी उशिरा आली की थांब्यापासून घरापर्यंत पळत यायचे. फाटकातून आत शिरताना आधी टीव्हीचा आवाज येतो का ते ऐकायचे. आवाज आला की हायसं वाटायचं, कारण टीव्ही चालू आहे म्हणजे आई बघते आहे. एकदा टीव्ही बंद होता. मी दप्तर टाकून ओरडतच आत पळाले, तर ती गहू निवडत होती. "लाइन गेली वं," ती म्हणाली, "येवढी कायले बोंबलत आली?" एकदा सहज म्हणाली, वावर पाहून लय दिवस झाले, एखाद्या दुपारी जाऊन येते. मी तिच्याबरोबर गेले, तिचा पदर धरून, घोड्यासारखी वाढलेली मुलगी. ती विहिरीपाशी थोडा वेळ उभी राहिली. पाण्यात बघत होती. मी म्हटलं, "आई, चाल ना, मले भूक लागली." ती आली. हे मी कुणाला सांगितलं नाही. बाबांना सांगून काय झालं असतं? ते उठून बाहेर गेले असते.

माझ्या मनानं एक उपाय काढला. आज तो पोरकट वाटतो, पण बुडणारा माणूस हाताला येईल ते धरतो. मला वाटलं, बाहेरच्या कुणीतरी एकदा, फक्त एकदा, आईच्या हातचं तिच्यासमोर पोटभर खावं. मग तिला कळेल की जग अजून संपलेलं नाही. आणि बाहेरच्या माणसांना आमच्या घरात आणायला माझ्याकडे एकच वस्तू होती, टीव्ही. तेव्हा भारताची मोठी मॅच तोंडावर आली होती. दुपारी सुरू होऊन रात्री संपणारी. गावात आणखी दोन टीव्ही होते, पण एक काळापांढरा आणि दुसरा बिघडून पडलेला. आम्ही शिरपूरला जाणाऱ्या पाच-सहा मुली क्रिकेटवेड्या होतो. खेळ समजायचा कमी आणि खेळाडू आवडायचे जास्त. सगळ्यात वेडी संगीता, माझी जिवाभावाची मैत्रीण. तिनं एका खेळाडूचा फोटो भूगोलाच्या पुस्तकात ठेवला होता आणि त्यामुळे निदान ते पुस्तक तरी उघडायची. एसटीत मी सगळ्यांना सांगितलं, "मंगळवारी मॅच पाह्याले आमच्या इथं या. अंगणात टीव्ही काढू. जेवनबी इथंच." 'जेवन' म्हणताना माझा आवाज बारीक झाला. सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग रेखा म्हणाली, "रंगीत हाये ना वं तुमचा?" आणि ठरलं.

आता मी वाशीमला असते. घरातला प्रत्येक जण आपापला फोन घेऊन आपापल्या कोपऱ्यात मॅच बघतो, एकच गडी बाद झालेला तीन फोनांवरून तीन वेळा ऐकू येतो. सुनेला ही गोष्ट सांगितली तर म्हणते, आई, टीव्हीसाठी लोक दुसऱ्याच्या घरी जायचे? जायचे बाई. बघायला जायचे, खायला नाही, हे तिला कसं समजावणार.

मी आईला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "येतीन का?" मी म्हटलं, "येऊन राह्यल्या. पाची जनी." ती म्हणाली, "अन् खातीन?" मी म्हटलं, "कायले नाही खातीन? मी सांगतलं ना त्यायले." मंगळवारी मी शाळेतून आले तर घरात असा वास पसरला होता की डोळ्यांत पाणी आलं. मुगाची डाळ पाट्यावर वाटून मुंगवडे तळणं चालू होतं. हिरव्या मिरचीचा ठेचा होता, कढी होती, पुऱ्यांची कणीक भिजवलेली होती, वांग्याची झणझणीत भाजी उतरवून ठेवली होती. आई पाटावर बसून वडे सोडत होती आणि गरम होतं म्हणून तिनं त्या लांब बाह्या कोपराच्या वर चढवल्या होत्या. आणि ती वंदीला रागावत होती! तेल तापलं नाही, झारा कुठं ठेवला, येवढी घोडी झाली पण काही कामाची नाही. तो राग ऐकून मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन तिला पाठीमागून मिठीच मारली. "हट, चटका बसन," ती म्हणाली. वंदीनं आणि मी टीव्ही ओसरीच्या कडेला टेबलावर आणला, अंगणात सतरंजी टाकली, शंभरचा बल्ब लावला.

दिवेलागणीला मुली आल्या. वेण्या, गजरे, नवे ड्रेस, जणू खेळाडूच त्यांना बघणार होते. रेखा पुढे होती. चप्पल काढता काढता तिनं हवेत वास घेतला आणि म्हणाली, "माय वं, काय तळून राह्यले? आज त अंगारकी हाये ना!"

मला क्षणभर काही समजलंच नाही. मंगळवारची चतुर्थी. ज्या कधीच काही धरत नाहीत त्यासुद्धा अंगारकी धरतात. सगळ्या गावाचा उपास. शाळेत मुली डबा खात नव्हत्या तेव्हा मी घरच्या मुंगवड्यांच्या विचारात होते. आमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय नव्हतं, आईनं देव सोडला होता, बाबांना वार कळायचा तो बाजाराचा. मी मागे वळून पाहिलं. पडद्याच्या फटीत आईचा डोळा दिसला आणि मग फट बंद झाली.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला कळेचना की त्यांचा उपास खरा आहे की नेहमीचा. आजवर आमच्याकडे येणाऱ्याचा उपास खोटा असायचा, ते सोपं होतं, मनात शिव्या देता यायच्या. आज तो खरा होता, अगदी गावभर खरा, आणि त्याच्या आड कुणाला काहीही लपवता येणार होतं. मी स्वयंपाकघरात गेले. आई पाटावर बसलेली होती, हात मांडीवर. कढईतला वडा काळा पडत होता. मी म्हटलं, "आई, माया ध्यानात राह्यलं नाही." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुया कशाले ध्यानात राहीन? घरात कॅलेंडर कुठं हाये." मग एकदम उठली. "वंदे, दुकानात जाय. भगर आन. आलू हायेत घरी. केळंबी आन. उपासाचं करू, त्यात काय." आणि कढई उतरवली. ती उठली याचंच मला इतकं बरं वाटलं की मी बाहेर येऊन सगळ्यांना ओरडून सांगितलं, "उपासाचं होऊन राह्यलं वं! भगर!" त्या ओव्हरला चौकार बसला आणि सगळ्या टाळ्या वाजवू लागल्या.

भगर पटकन शिजते. आईनं दाण्याची आमटी केली, आलूची जिरं घालून भाजी केली, वर केळी आणि भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा. वंदीनं आणि मी ताटं बाहेर नेली आणि प्रत्येकीच्या पुढे ठेवली. रेखा म्हणाली, "मी भगर नाही खात, मले पचत नाही." दुसरी म्हणाली, तिचा फळावरचा उपास आहे. तिसरीनं नुसतंच 'नंतर' म्हटलं. संगीता माझ्याकडे बघत नव्हती, टीव्हीकडे बघत होती, आणि टीव्हीवर जाहिरात चालू होती. मग रेखानं केळ उचललं. साल काढली, खाल्लं. मग दुसरीनं उचललं. मग सगळ्यांनी. शेंगाही फोडल्या, टरफलं सतरंजीवर पडू लागली, दाणे तोंडात जाऊ लागले. ज्याला साल होती, ज्याला टरफल होतं, ते सगळं चाललं. आईचा हात ज्याला लागला होता ते ताटात तसंच राहिलं, आणि भगरीवर हळूहळू साय धरावी तसा थर आला. मी ते बघत होते. मला त्यांना फाटकाबाहेर हाकलून द्यावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी त्यांचे पाय धरावेसे वाटत होते. एक घास, संगे, एकच घास खा, माझी आई मरेल. हे मी मनात म्हणत होते आणि तोंडानं विचारत होते, "आता किती रन पायजे वं?"

मी पडद्याकडे बघायचं टाळत होते. आई तिथून केळाच्या साली बघू शकत होती.

आपले खेळाडू एकामागून एक बाद होत होते. गल्लीत बायांची गडबड सुरू झाली, ताम्हनं आणि तांबे वाजू लागले, पोरं माळवदांवर चढली. थोड्या वेळात पलीकडून कुणीतरी ओरडलं, "चांद निघाला वं!" मुली एकदम उभ्या राहिल्या. ड्रेस झटकले. "येतो वं शोभे, घरी उपास सोडा लागते," रेखा म्हणाली. मॅच अजून शिल्लक होती. मी म्हटलं, "थांबा ना, इथंच सोडा," पण ते मला स्वतःलाही ऐकू आलं नाही. त्या चपला घालू लागल्या. आणि तेव्हा पडदा सरकला आणि आई बाहेर आली.

बाह्या तशाच कोपराच्या वर. पदर खांद्यावर, डोक्यावर नाही. बल्बच्या उजेडात तिचे हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढरे आणि काळे, ओठांचे कोपरे पांढरे. ती ओसरीच्या पायऱ्या उतरली, मुलींच्या मधून गेली, त्या बाजूला झाल्या, आणि तिनं टिनाचं फाटक लावून घेतलं. कडी घातली. मग फाटकाला पाठ लावून उभी राहिली.

"बसा," ती म्हणाली. "चांद निघाला ना? मंग सुटला उपास. इथंच सोडा."

रेखा म्हणाली, "नाही काकू, घरी निवद दाखवा लागते. आई वाट पाहून राह्यली अशीन."

"तुई आई भितीच्या पल्याड हाये. हाक मारतो तिले. अन् निवद इथं दाखवू. गनपती काय माया घरी येत नाही?"

टीव्हीवर माणूस इंग्रजीत काहीतरी जोरात सांगत होता.

"केळं चाललं," आई म्हणाली. "शेंगा चालल्या. भगर काहून नाही चालली? सांगा न मले. मी काही मारत नाही कोनाले. सालभर झालं, ज्याले इचारलं त्याचा उपास. मले एक बार ऐकू द्या खरं काय हाये थे."

रेखा रडायला लागली. बाकीच्या पायाच्या अंगठ्यांकडे बघत होत्या. आणि संगीता, माझी संगीता, एक पाऊल पुढे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "काकू, आई म्हणते तुमच्या हातचं खाल्लं त आमालेबी डाग होतीन."

"तुई आई म्हणते. अन् तू काय म्हणतं?"

"मले भेव वाटते, काकू."

आईनं तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मला वाटलं आता ती खाली बसेल, किंवा किंचाळेल, किंवा फाटक उघडून तशीच वावराच्या रस्त्याला लागेल. तिनं मान हलवली. "हां," ती म्हणाली. "आता कशी बोलली. येवढ्या गावात तू एकटी." मग ती बाजूला झाली आणि तिनं कडी काढली. "जा. पाहून जा वं, नालीवरची फरशी हालते."

त्या गेल्या. चपलांचा आवाज गल्लीत गेला. अंगणात ताटं, साली, टरफलं, आणि टीव्ही चालूच. आई फाटक धरून उभी होती, बाहेर बघत. बाहेर रस्ता होता आणि रस्ता वावराकडे जात होता. माझा धीर सुटला. मी धावत जाऊन तिच्या कमरेला मिठी मारली आणि मोठ्यानं रडत सगळं ओकले. की मी त्यांना मॅचसाठी नाही बोलावलं, तुझ्या हातचं खावं म्हणून बोलावलं. की तू बाबांना म्हणालीस ते मी ऐकलं. "तू हीरीत जाशीन म्हून बलावलं वं आई! तू जाऊ नको! वंदीचं लगन नाही झालं त नाही झालं!" ओसरीवर वंदी तोंडावर हात ठेवून उभी होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

आईचं अंग माझ्या हातात ताठ झालं. ती नाही म्हणाली नाही. असं काही नव्हतंच, असंही म्हणाली नाही, आणि त्यामुळे मला कळलं की मी उगाच घाबरले नव्हते. तिनं माझे हात कमरेवरून सोडवले, पदरानं माझं नाक पुसलं, जोरात, लहान पोराचं पुसतात तसं. मग म्हणाली, "वंदे, ताट वाढ. मुंगवडे आन. थंडे असतीन त असू दे."

"आत या ना मंग," वंदी म्हणाली.

"इथं आन."

ती सतरंजीवर बसली, मधोमध, बल्बच्या खाली, जिथं संगीता बसली होती. साली बाजूला लोटल्या. सगळ्या गल्लीतल्या बाया त्या वेळी आपापल्या अंगणात आणि माळवदावर चंद्राला अर्घ्य द्यायला उभ्या होत्या. आमची भिंत कमरेइतकी. रेखाची आई ताम्हन हातात धरून आमच्याकडे बघत राहिली, पलीकडे आणखी दोघी. आईनं वर पाहिलं, त्यांना पाहिलं, आणि वडा मोडून ठेच्यात बुडवला. कित्येक महिन्यांत मी तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं. ती भुकेली होती. तिच्या बोटांवरून तेल ओघळत होतं आणि ती घास घेत होती, एकावर एक, आणि जेवता जेवता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ती पुसत नव्हती.

बाबा पारावरून आले. फाटकात थबकले. त्यांनी भिंतीपलीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि खाली वाकून त्याच हळू आवाजात म्हणाले, "अवं, आत चाल. सारे पाहून राह्यले."

"पाहू द्या," आई म्हणाली. आवाज चांगला खणखणीत, त्या टोकाला जाईल असा. "मी कुठंच जात नाही. आतबी नाही अन् कुठंबी नाही. कोनाचं लगन अडते त अडू द्या. बसा तुमी, जेवा."

बाबा उभेच राहिले. मग त्यांनी चप्पल काढली आणि तिच्याशेजारी सतरंजीवर बसले. वंदीनं त्यांना ताट आणलं. मला हुंदक्यांनी उचकी लागली होती, आईनं आपल्या ताटातला एक वडा माझ्या हातात कोंबला आणि टीव्हीकडे हनुवटी केली.

"कोन जितून राह्यलं वं?"

"आपन हरून राह्यलो, आई."

"हरू दे," ती म्हणाली. "कढी वाढ."